शिवकालीन छावणीत दोन रात्रींचा मुक्काम: म्हातारी माणसं, पोरंबाळं सगळ्यांना नीट झोप कशी लागेल?

कृष्णाकाठची_लेक

नमस्कार मंडळी, मी सातारची. तीन वर्षं झाली दांडपट्टा आणि लाठी शिकतेय. दरवर्षी डिसेंबरात आमच्याकडं चंदन-वंदनच्या बाजूला एका सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानात दोन दिवसांची शिवकालीन छावणी उभी करतात. मर्दानी खेळ, शस्त्रं मांडणं, घोडी, चुलीवरचा स्वयंपाक, गावोगावची पोरं, सगळं असतं. नियम एकच, सकाळी दहाला बघायला लोकं यायला लागली की प्लास्टिक, नायलॉन, खुर्च्या, कूलर यातलं काहीही नजरेला पडता कामा नये.

मागच्या वर्षी पहिल्यांदाच आई-बाबा आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा असे सगळे मुक्कामी गेलो. नायलॉनचा डोंगरवाला तंबू नेला होता आणि त्याच्यावर जुन्या साड्या टाकून झाकला होता. संध्याकाळपर्यंत मजा आली पण रात्री एकनंतर हाल. खाली फक्त सतरंजी आणि चादर. अंगावर तीन ब्लँकेटं असून बाबा कुडकुडत होते, त्यांचे गुडघे आधीच दुखतात. पहाटे तंबूच्या आतून पाणी टपकायला लागलं, पाऊस नाही काही नाही, तरी मुलाची वाकळ ओली. आई तर शेकोटीजवळ बसूनच राहिली सकाळपर्यंत. आणि बायकांसाठी जायची सोय ओढ्याच्या पलीकडं, अंधारात, त्यामुळं आईनं दुपारपासून पाणीच पिणं बंद केलं होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते ऐकून फार वाईट वाटलं.

बाबांना यंदाही यायचंय. त्यांच्या आजोबांची तलवार आमच्या देवघरात असते, त्यांना हे सगळं बघताना जो आनंद होतो तो मला घालवायचा नाहीये. पण असं झोपवायचं नाही. ज्यांनी असे मुक्काम केलेत त्यांनी सविस्तर सांगा.

माणदेशी_मेंढका

ताई, मी जत तालुक्यातला. थंडी वरनं लागत नाही, खालनं लागती. तुम्ही तीन ब्लँकेटं अंगावर घेतली आणि खाली सतरंजी, म्हंजे जमिनीनं रातभर अंगातली ऊब ओढून घेतली. अंगावर दोन असतील तर खाली तीन पायजेत, आमच्यात म्हातारी माणसं हेच सांगत आली.

आमचे आजोबा दिवाळी झाली की मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला यायचे, लोकांच्या रानात मेंढरं बसवायची, घोड्यावर सगळा संसार, वाघर म्हंजे मेंढरं कोंडायची जाळी लावली की झालं घर. महिनोन्महिने उघड्यावर झोपलेली माणसं. खाली काय असायचं तर आधी गवत नायतर कडबा पसरायचा चांगला वीतभर, त्याच्यावर जेन, त्याच्यावर घोंगडं दुहेरी घालून, आणि मग अंगावर दुसरं घोंगडं. जेन म्हंजे विणलेलं नसतं, लोकर दाबून दाबून केलेलं जाड अंथरूण, त्याच्यातनं गारवा वर येत नाही.

घोंगडं घेताना हातमागाचं खऱ्या लोकरीचं बघून घ्या, बाजारात मिसळ लोकरीची भरपूर आलीत. नवीन घोंगडं ताठ असतं कारण त्याला चिंचोक्याची खळ लावतात, टोचतं थोडं, वापरून मऊ पडतं. पोराला टोचत आसलं तर आत सुती लुगडं लावा. आणि लोकर थोडी ओली झाली तरी ऊब धरती, हे कापसाच्या वाकळंचं नाही, वाकळ ओली झाली की गार पडली. मशीनमधी धुवायचं नाही, उन्हात टाकायचं, झटकायचं, बास.

गडवाटा

वरचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. त्याच्या आधीची एक पायरी मी सांगतो, जागा. तुमचा तंबू ओढ्याजवळ खोलगट भागात होता का? निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली येते आणि खोलगट जागेत साचून राहते, म्हणून महाबळेश्वरला बाजारपेठेपेक्षा वेण्णा लेकच्या काठावर जास्त गारठा असतो, तिथं दवबिंदू गोठल्याचे फोटो आपण दर हिवाळ्यात पेपरात बघतोच. ओढ्यापासून आठदहा पुरुष (एक पुरुष म्हणजे एका माणसाएवढी उंची) उंच जागा मिळाली तरी पहाटे फरक कळतो. अगदी माथ्यावर पण नको, तिथं वारं. मधल्या उतारावर, पाठीला बांध किंवा करवंदीची जाळी असेल अशी जागा.

आतलं टपकणारं पाणी म्हणजे तुमचाच श्वास. नायलॉनमधून वाफ बाहेर जात नाही, त्यावर तुम्ही साड्या टाकून उरलीसुरली हवाही बंद केली. वरच्या बाजूला दोन्हीकडे झरोका उघडा ठेवायचाच, थंडी वाजते म्हणून बंद करायचा नाही.

आणि हे सर्वांसाठी: कुणी गडावरच मुक्काम करू म्हणत असेल तर नको. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले सूर्योदय ते सूर्यास्त एवढेच खुले असतात, वासोट्यासारखा अभयारण्यातला गड असेल तर तिथं राहायला बंदीच आहे. २०२५ मध्ये प्रतापगडासह १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेलेत, आता आपल्या माणसांनी तिथं चुली पेटवल्या तर कुणाला काय सांगणार. पायथ्याचं खाजगी रान, मालकाला विचारून, हेच बरोबर.

सह्याद्री_पुणे

वाचतोय. यंदा मी पण येणार आहे दोन मित्रांना घेऊन.

कृष्णाकाठची_लेक

हो, ओढ्याच्या अगदी कडेलाच होतो, पाणी जवळ म्हणून मुद्दाम! मेंढकादादा, बाबांना खाली बसून उठता येत नाही हो, त्यांच्यासाठी बाज नेली तर चालेल का? बाज शिवकाळाला शोभते पण.

माणदेशी_मेंढका

बाज न्या की. फक्त बाजेच्या खालनं वारं फिरतं, नुसती गोधडी टाकून झोपलात तर जमिनीपेक्षा जास्त गार लागंल. बाजेवर पण जेन, घोंगडं हे सगळं लागतंच. आणि बाजेच्या खाली गवताचे भारे सरकवून ठेवा म्हंजे वारं थांबतं. सुंभ सैल झालं आसंल तर आधी ताणून घ्या, पाठीची झोळी झाली तर गुडघ्याच्या जोडीला कंबर पण धरंल.

तणावा_आणि_मेख

तंबूबद्दल मी लिहितो, जरा मोठं होईल. मी वारीत दिंडीच्या राहुट्या ठोकायचं काम दहाबारा वर्षं केलंय, माऊलींची पालखी आपल्या जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी मुक्काम करत जाते तेव्हा रोज राहुट्या काढायच्या आणि रोज ठोकायच्या, ते पण पावसात. ज्यांना छावणीत राहायचं शिकायचंय त्यांनी एकदा दिंडीच्या मागच्या ट्रकबरोबर चार दिवस फिरावं.

तर तुमच्या कामाला दोन खांब आणि वर आडवी काठी अशी साधी राहुटीच उत्तम, उभी करायला दोघं पुरतात आणि दिसायला शोभते. मोठा शामियाना उचलायला ट्रॅक्टर लागतो आणि ऊब तर अजिबात धरत नाही. कापड जाड सुती घ्या, इचलकरंजीकडं कॅनव्हास मिळतो, पांढरा नको, मातकट घ्या. सुती कापडातनं श्वासाची वाफ बाहेर जाते, म्हणून टपकण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. शिवून आणलं की घरीच गच्चीवर उभी करा आणि पाईपनं पूर्ण भिजवा, वाळू द्या, परत भिजवा. सुताचे धागे पाणी पिऊन फुगतात आणि शिवणीची भोकं बुजतात. हे न करता पहिल्याच मुक्कामाला नेली आणि अवकाळी आला तर शिवणीतनं धार लागते आणि लोकं शिंप्याला बोल लावतात.

तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणारे दोर, जर सुती किंवा तागाचे असतील तर लक्षात ठेवा, दव पडलं की दोर भिजून आखडतो. संध्याकाळी तंगवून ठेवलेला तणावा पहाटे मेख उपटतो नाहीतर कापड फाडतो. झोपायच्या आधी प्रत्येक तणावा दोन बोटं सैल करायचा. सकाळी ऊन लागलं की परत ताणायचा. मेखा बाभळीच्या, हातभर लांब, तंबूपासून उलट दिशेला कलत्या ठोकायच्या. आणि तणाव्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, रात्री उठलेलं माणूस अडकून पडतं, तुमच्या बाबांसाठी तर हे पहिलं काम.

खाली ताडपत्री घालायचीच, वरून घोंगडं असल्यामुळं दिसत नाही, पण ताडपत्रीची कड राहुटीच्या बाहेर येऊ देऊ नका, बाहेर आली की वरचं ओघळणारं पाणी ती गोळा करून आत आणते. परत येताना राहुटी ओली गुंडाळली तर घरी लगेच सोडून वाळवा, दोन दिवस तशीच राहिली की काळी बुरशी, मग तो वास जन्मभर.

पेनसिल्व्हेनियातला_सांगलीकर

मी मूळचा मिरजेचा, इकडं अमेरिकेत असताना पेन्सिक वॉर नावाच्या मेळ्याला चार वेळा गेलोय म्हणून लिहितो. १९६६ मध्ये बर्कलीत मध्ययुगीन युरोप जगून बघणाऱ्यांची एक सोसायटी सुरू झाली, त्यांचा हा मेळा १९७२ पासून भरतो, पश्चिम पेनसिल्व्हेनियात स्लिपरी रॉक नावाच्या गावाजवळ, उन्हाळ्यात दोन आठवडे, दहा हजाराच्या आसपास माणसं तंबूत राहतात. तिकडचा प्रश्न थंडीचा नाही, उकाडा, वादळी पाऊस आणि चिखलाचा आहे, पण त्यांच्याकडून तीन गोष्टी मी शिकलो.

पहिली, ते लोक पलंग नेतात, खरंच, खिळा न मारता खुंट्यांवर जोडायचा आणि सुटा करून गाडीवर टाकायचा लाकडी पलंग. झोप नीट झाली तरच दुसऱ्या दिवशी कवच घालून लढता येतं हे त्यांचं साधं गणित. दुसरी, आजच्या वस्तू वापरतात पण पेटीत. बर्फाचा डबा लाकडी पेटाऱ्यात, औषधं चामडी पिशवीत, चार्जिंगचं सगळं एका ट्रंकेत. आपल्याकडं तर पत्र्याची ट्रंक नको असेल तर वेताचे पेटारे, गोणपाट, तांब्याचे हंडे आहेतच. आणि तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पहिल्यांदा आलेल्या माणसाला शेजारचा तंबू सांभाळतो. माझी पहिल्याच रात्री वादळात काठी मोडली तर अनोळखी माणसांनी भर पावसात येऊन तंबू उभा करून दिला आणि सकाळी विचारायला पण आले. तुमच्या छावणीत असं एकदोघांवर ठरवून काम सोपवा, रात्री एक फेरी मारायची, कुणाला कमी आहे का बघायचं.

भगवा_शिलेदार

रागावू नका पण मला हे पटत नाही. मावळे पलंग घेऊन फिरत होते का? उघड्या कातळावर, खोगीर उशाला घेऊन झोपणारी माणसं ती. आपण दोन रात्री त्यांच्यासारखं राहण्यासाठी जातो ना? मग थंडी सोसायची, तेच तर समजून घ्यायचंय. सगळा आराम नेला तर ती सहल झाली.

गडवाटा

शिलेदार, तुमची तळमळ कळते. पण महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र एकदा पूर्ण वाचा. त्यात काय आहे? दाणागवत आत्ताच मनाला येईल तसं उडवलंत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. कुणी भाकरीसाठी, कुणी तंबाखूसाठी गवताजवळ विस्तव नेईल आणि लहळ्या, म्हणजे गवताच्या गंजी, पेटतील. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि आगीत गवत, घोडी सगळं जाईल. उंदरापर्यंत विचार केलाय! आणि रयतेकडून जबरदस्तीनं काही घ्यायचं नाही हेही त्यातच. छावणीतलं माणूस आणि जनावर धड राहिलं पाहिजे यासाठी राजा स्वतः इतक्या बारकाईनं लिहितो. माझ्या मते कुडकुडत बसण्यापेक्षा गवत कुठं रचायचं, दिवा कधी विझवायचा हे शिकणं जास्त शिवकालीन आहे.

मोहिमेवरच्या शिपायाला सोसावं लागलं हे खरंच, पण सत्तरीच्या बाबांनी ते सोसून काय सिद्ध होणार?

भगवा_शिलेदार

पत्र माहीत होतं, या नजरेनं वाचलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचं आणि पोरांचं मान्य. मी स्वतः मात्र घोंगडं आणि गवत एवढ्यावरच झोपणार.

माणदेशी_मेंढका

आवो शिलेदार, घोंगडं आणि गवत एवढंच तर मी सांगतोय मघापासनं.

कराडची_आक्का

सगळे तंबू आणि घोंगड्यात रमलेत, मूळ गोष्टीवर कुणीच बोललं नाही. लेकी, तुझ्या आईनं पाणी पिणं बंद केलं हे वाचून माझ्या पोटात कालवलं. आम्ही वारीत पूर्वी तेच करायचो, पहाटे तीनला उठून अंधारात जायचं नाहीतर दिवसभर थांबायचं, लघवीची जळजळ घेऊन किती बायका चालल्या असतील. आता वारीत फिरते संडास ठेवतात तर केवढा फरक पडलाय.

आयोजकांना आत्ताच सांग. राहुट्यांपासून पन्नाससाठ पावलांवर, ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला चर खणायचे, गुडघाभर खोल आणि वीतभर रुंद, दोन बाजूला फळ्या. काढलेली माती तिथंच ढिगाला, सोबत चुलीची राख आणि एक नारळाची करवंटी, प्रत्येकीनं माती-राख टाकायची म्हणजे वास नाही माशा नाहीत. भोवती गोणपाटाची उंच कनात, आणि दार असं आडवं घ्यायचं की समोरून दिसणार नाही. आत बांबूला टांगलेला कंदील. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळ्या दिशेला. पाळीच्या कपड्यांसाठी झाकणाचा डबा ठेवायचा, तो परत घेऊन जायचा, चरात टाकायचं नाही. म्हाताऱ्यांसाठी मधलं भोक पाडलेली लाकडी खुर्ची ठेवा, तुझ्या बाबांना बसता येत नाही म्हणालीस ना.

हात धुवायला मातीच्या डेऱ्याला तोटी लावून ठेवा आणि शेजारी साबण. साबण दिसला तर दिसू दे.

कृष्णाकाठची_लेक

आक्का, तुमच्या पायावर डोकं ठेवते. हे पूर्ण प्रिंट काढून नेते आयोजकांकडं.

चुलीवरची_सुगरण

जेवणाचं थोडं माझ्याकडून. झोपताना पोट गरम पाहिजे, हुलग्याचं माडगं करा, गूळ घालून, पोरं पण पितात. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची नाहीतर कारळ्याची चटणी, दशम्या दुधातल्या असल्यामुळं दोन दिवस मऊ राहतात. शिवकाळ काटेकोर पाळायचा असेल तर शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो सोडा, ती अमेरिकेकडची पिकं, मिरचीसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आली. चहा तर त्या वेळी आपल्याकडं रोजच्या पिण्यात नव्हताच, आसामातले मळे इंग्रजांच्या काळात १८३० नंतरचे. पण पहाटे पाचला म्हाताऱ्या माणसांना चहा पाहिजेच, तेव्हा लोकं यायच्या आधी उरकून टाका, आणि दिवसभर सुंठ-गूळ घातलेलं पाणी चुलीवर ठेवा.

आणि एक, रात्री राहुटीत शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली अजिबात न्यायची नाहीत. कोळशाच्या धुराला वास नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असतो, झोपेतलं माणूस उठतच नाही. त्यापेक्षा उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा.

गडवाटा

शेवटचं: खेळ झाल्यावर घामेजलेला अंगरखा घालून झोपायचं नाही. आतून बाहेरून सगळं कोरडं घाला, कानटोपी, पायमोजे, मग घोंगड्यात शिरा. पोरांना हे बळंच करायला लावा. सकाळी चपला झटकून घालायच्या, विंचू आणि फुरसं दोन्ही त्या भागात आहेत, आणि गवत पसरायच्या आधी काठीनं झोडपून घ्या. जवळचं सर्पदंशाची लस असलेलं सरकारी रुग्णालय कोणतं ते आधीच विचारून ठेवा, एक गाडी तोंड बाहेर करून लावून ठेवा.

कृष्णाकाठची_लेक (पाच आठवड्यांनी)

मंडळी, काल रात्री परत आलो. कुणाकुणाचे आभार मानू.

उतारावर बांधाच्या आडोशाला दोन राहुट्या ठोकल्या. रानमालकांनी स्वतःहून कडब्याच्या वीस पेंढ्या दिल्या, जाताना तेवढ्या परत रचून दिल्या त्यांना. बाबांना बाज, खाली गवत, वर जेन आणि दुहेरी घोंगडं. पहिल्या रात्री मी तीनदा उठून बघितलं, तिन्ही वेळा घोरत होते. सकाळी साडेसहाला हलगी वाजली तेव्हा उठले आणि म्हणाले, एवढ्या लवकर का वाजवतायत? माझा मुलगा घोंगडं टोचतं म्हणून आधी रडला, आजीचं नऊवारी आत लावून दिलं तेव्हा झोपला, आता घरी पण तेच घेऊन झोपायचं म्हणतोय.

तणावे सैल करायचे विसरले ते फक्त एका बाजूचे, आणि पहाटे नेमकी तिथलीच मेख उपटली. शेजारच्या राहुटीतले भगवा_शिलेदार होते ते धावत आले आणि अंधारात ठोकून दिली. दादा, तुम्हीच ना ते, बाबांनी तुमचं नाव विचारून ठेवलंय.

चर खणायला आयोजक आधी कां-कू करत होते, आक्कांचा प्रिंट वाचून दाखवला तेव्हा त्यांच्यातल्याच एका काकूंनी कुदळ उचलली. चार केले होते. दुसऱ्या दिवशी बघायला आलेल्या बायकांनी पण वापरले, दुपारपर्यंत राख संपली, मग नुसत्या मातीवर भागवलं. आईनं दोन्ही दिवस पोटभर पाणी प्यायलं. रात्री दोनदा एकटी जाऊन आली, कंदील होता.

कराडची_आक्का

बरं वाटलं बघ. पुढच्या वर्षी सहा चर कर आणि राखेची पोती आत्तापासून साठवायला सांग गावात. खुर्ची वापरली का बाबांनी?

कृष्णाकाठची_लेक

वापरली, आणि अजून पाच आजोबांनी वापरली. गावातला सुतार म्हणतोय पुढच्या साली आणखी दोन करून देतो, लाकडाचे पैसे तेवढे द्या.